न चाखलेल्या चवीची कीर्ती

थोर उपाहारगृहांची कीर्ती ही मुळात वाङ्मयीन गोष्ट आहे, असे मला फार दिवसांपासून वाटत आले आहे. गाजलेले पुस्तक ग्रंथालयात मिळते, चित्राची निदान प्रतिकृती पाहता येते. गाजलेले ताट मात्र जागच्या जागी संपून जाते. मागे उरते ते कुणीतरी केलेले वर्णन, आणि गुण किंवा तारे. बर्नार लुआझो या फ्रेंच शेफच्या हातचे मी काहीही खाल्लेले नाही, आणि आता ते शक्यही नाही. तरीही लोणी-सायीला फाटा देऊन भांड्याच्या तळाशी धरलेला अर्क तो नुसत्या पाण्याने कसा सोडवून घेई, लसणाचे सौम्य वाटण आणि पार्सलेचा हिरवा रस यांच्यासोबत बेडकाच्या तंगड्या कशा वाढी, हे मी चार लोकांत ठामपणे सांगू शकतो. सगळे वाचून!

तारे देणारे मिशेलिनचे पुस्तक १९०० साली एका टायर कंपनीने मोटारवाल्यांसाठी काढले. तारे आले १९२६ मध्ये, आणि पुढे त्यांची एक-दोन-तीन अशी चढण ठरली. दोन तारे म्हणजे वाट वाकडी करून जावे असे ठिकाण. तीन म्हणजे मुद्दाम प्रवास करावा असे. थोडक्यात, टायर किती झिजवावेत याचा हा सल्ला. लुआझोचे गाव सोलियू हे पॅरिसहून लिआँकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्यावरचे. आलेक्सांद्र द्युमेन या आधीच्या पिढीतल्या शेफने तिथले ‘ला कोत दोर’ नावारूपाला आणले, ते या वाटसरूंच्या बळावर. नवा द्रुतगती मार्ग दुसरीकडून गेला आणि वाटसरू आटले. तेव्हा १९९१ साली लुआझोला मिळालेला तिसरा तारा केवळ भूषण नव्हता. महामार्ग सोडून माणसे सोलियूला यावीत, यासाठी तेवढेच एक कारण उरले होते. त्या ताऱ्यासाठी त्याने कर्ज काढून वास्तू सजवली होती. पुढे १९९८ मध्ये त्याची कंपनी शेअर बाजारातही उतरली.

२००३ च्या आरंभी ‘गो-मियो’ या दुसऱ्या मार्गदर्शिकेने त्याचे वीसपैकी १९ गुण १७ वर आणले. तिसरा ताराही धोक्यात असल्याची कुजबुज ‘ल फिगारो’त छापून आली होती. प्रत्यक्षात त्या वर्षीच्या मिशेलिनमध्ये तिन्ही तारे शाबूत होते. २४ फेब्रुवारीला, वयाच्या बावन्नाव्या वर्षी, लुआझोने आत्महत्या केली. नैराश्याचा आजार होता, कर्ज होते. अशा मृत्यूला एकच कारण चिकटवणे हा भाबडेपणा ठरेल. पॉल बोक्यूजने थेट ‘गो-मियो’ला जबाबदार धरले, ते मला पटत नाही.

पण ते दोन गुण मला सोडत नाहीत. १९ आणि १७ यांच्यामध्ये ताटात नेमके काय बदलले होते? आपल्याकडे समीक्षकावर राग धरण्याची परंपरा जुनी आहे. तरी समीक्षक निदान नावानिशी लिहितो, उतारे देतो, त्याच्याशी भांडता येते. मिशेलिनचा परीक्षक निनावी येतो, जेवतो, बिल भरतो आणि जातो. निकाल छापला जातो, युक्तिवाद छापला जात नाही. (साहित्य पुरस्कारांच्या निवेदनांतल्या दोन गुळगुळीत ओळी आठवल्या, तर हा प्रकार आपल्याला अगदीच परका नाही.)

यातून बाहेर पडणेही सोपे नाही. सेबास्तियँ ब्रास याने २०१७ साली स्वतः होऊन आपले नाव वगळण्याची विनंती केली. २०१८ च्या पुस्तकात ते नव्हते. २०१९ च्या पुस्तकात दोन ताऱ्यांसह पुन्हा हजर! मार्क व्हेरा याचे भांडण मला अधिक मोलाचे वाटते. २०१९ मध्ये तिसरा तारा गेल्यावर तो न्यायालयात गेला आणि त्याने निर्णयाची कारणे मागितली. आपल्या सूफ्लेत परीक्षकाला चेडर चीज दिसले, प्रत्यक्षात तो पिवळा रंग केशराचा होता, असे त्याचे म्हणणे. न्यायालयाने दावा फेटाळला. समीक्षकाचे मतस्वातंत्र्य राहिले, ते राहायलाच हवे. पण केशर की चेडर, एवढे तरी कुणीतरी सहीनिशी लिहून द्यायला हवे होते.