वाळवीची तपासणी

शत्रू दारावर थाप मारून येतो तेव्हा मनुष्य सावध होतो. परंतु मुकाट्याने घर पोखरणाऱ्या शत्रूची वार्ता त्यास फार उशिरा लागते. आमच्या दासगावच्या घरी असेच घडले.

2021 च्या जुलैत सावित्रीच्या महापुराने महाडचा परिसर जलमय केला. त्यानंतर आमच्या जांभ्याच्या भिंतींत ओल राहिली. पुढे दाराच्या चौकटीवर मातीची बारीक रेघ दिसू लागली. आम्ही ती फडक्याने पुसली, वर रंग दिला आणि निश्चिंत झालो!

गेल्या मे महिन्याच्या सुटीत महाडहून एक तपासनीस आले. विजेरी व पेचकस एवढेच त्यांचे साहित्य. त्यांनी तुळई ठोकली. आवाज पोकळ आला. मग वडिलांच्या पुस्तकांची पेटी उघडली. पुठ्ठे शाबूत, आतील पाने मात्र मातीमोल!

ते म्हणाले, "गुरुजी, वाळवी मुंगीच्या नव्हे, झुरळाच्या कुळातील. उजेड व कोरडी हवा तिला सोसत नाही, म्हणून ती मातीच्या नळीतून चालते. नळी पुसली तरी जमिनीतील वारूळ व राणी कायमच राहतात. गळका नळ दुरुस्त करा, सरपण भिंतीपासून दूर रचा आणि दरवर्षी घर तपासून घ्या."

बालमित्रहो, दोष दिसताच त्यावर रंग देऊ नका; तो दाखविणाऱ्यास आदराने घरात बोलवा. तुळई आम्हांस नवी घालता आली. पुस्तकांच्या समासांतील वडिलांच्या हातच्या टिपा मात्र कायमच्या गेल्या.