‘आम्ही’, ‘आपण’ आणि इंग्रजी

सीमाभागातील मराठी मुलांच्या इंग्रजी निबंधांवरील तांबड्या शाईच्या खुणा आम्ही गेली कित्येक वर्षे पाहत आलो आहोत. त्यांतील पुष्कळशा रास्त असतात. इंग्रजीतील ‘अ’ आणि ‘द’ यांसारखी उपपदे मराठीत नाहीत, कन्नडातही नाहीत. दोन्ही भाषांत क्रियापद बहुधा वाक्याच्या शेवटी येते. मनात मुरलेल्या या रचनेची सावली इंग्रजीवर पडणारच. ती दुरुस्त व्हावी, याविषयी आमचा वाद नाही. वाद आहे तो त्यापुढील उपदेशाशी : “मराठीत विचार करणे सोडा, म्हणजे इंग्रजी सुधारेल.” हाच उपदेश पालकांच्या कानी जातो आणि मराठी शाळेचा पट आणखी घटतो.

बेळगावजवळच्या खेड्यातील एक विद्यार्थिनी आपल्या गल्लीविषयी इंग्रजीत लिहिताना ‘वुई’ या शब्दापाशी अडली. ऐकणाऱ्याला वगळायचे तर मराठीत ‘आम्ही’. त्याला सामावून घ्यायचे तर ‘आपण’. इंग्रजीत दोन्हींसाठी एकच शब्द. आजच्या कन्नडातही ‘नावु’ हा एकच. निबंध वाचणारे गुरुजी कन्नड भाषक. त्यांना या ‘वुई’मध्ये धरायचे की नाही, हा प्रश्न तिला मराठीमुळेच पडला. अखेर तिने इंग्रजीत स्पष्ट लिहिले : ‘आम्ही, म्हणजे या गल्लीतील मराठी आणि कन्नड घरे, आणि वाचणारे तुम्हीसुद्धा.’ निबंधातील तेच वाक्य सर्वांत नेमके उतरले. ते तिला मराठीने दिले होते.

एका भाषेत वाचावे, दुसरीत लिहावे, या अध्यापनपद्धतीची मांडणी वेल्समधील केन विल्यम्स यांनी १९९४ मध्ये आपल्या प्रबंधात केली. इंग्रजीच्या शेजारी नांदणाऱ्या वेल्श भाषेच्या शाळांतून ती आली, हे आम्हा सीमावासीयांनी ध्यानात ठेवण्याजोगे आहे. आपल्याकडील दाखला तर त्याहून जुना. ६ जानेवारी १८३२ रोजी बाळशास्त्री जांभेकरांनी मुंबईत सुरू केलेल्या ‘दर्पण’मध्ये मराठी आणि इंग्रजी मजकूर शेजारशेजारच्या स्तंभांत छापला जाई. एका स्तंभाने दुसऱ्याला बाटवले नाही.

म्हणून शिक्षकांना आमची विनंती एवढीच : विद्यार्थ्याला पहिले टिपण ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत करू द्यावे. मराठीत, कन्नडात, दोन्हींच्या मिसळीत. मग इंग्रजीत कोणता शब्द सापडत नाही, ते विचारावे. खरा धडा तेथे सुरू होतो. तांबडी शाई त्यानंतर खुशाल वापरावी.

परसातले झाड औषधी नव्हे, अशा अर्थाची एक म्हण कन्नडात आहे. आपण म्हणतो, पिकते तेथे विकत नाही. घरच्या वस्तूची किंमत घरातच होत नाही, हे दुःख दोन्ही भाषांनी ओळखले आहे. निदान आपल्या मुलांच्या वह्यांत तरी ते खरे ठरू नये.