बी.ए. झालेल्या नातीसाठी

गेल्या महिन्यात एका रविवारी माझा भाचा आपल्या कन्येला घेऊन बदलापूरला आमच्या घरी आला. उल्हासनगरला कॅम्प नंबर ५ मध्ये त्याचे तयार कपड्यांचे दुकान आहे. मुलगी इतिहास विषय घेऊन नुकतीच बी.ए. झाली. चहा येण्यापूर्वीच त्याने विषय काढला.

"आत्या, हिला सरकारी परीक्षा द्यायच्या आहेत. तू पस्तीस वर्षे महसूल खात्यात काढलीस. तूच सांग हिला, बी.ए.वाल्यांना तिथे कोण विचारतो?"

प्रश्नातील धार माझ्या ओळखीची होती. १९८३ साली मराठी विषयातील पदवी घेऊन मी लिपिक म्हणून रुजू झाले, तेव्हा माझ्या वडिलांनी दुकानातील रोजमेळावरून मान वर न करता म्हटले होते, "आपल्या घरात आजवर कुणी दुसऱ्याच्या वहीत लिहिले नाही." व्यापारी कुटुंबातील माणसाचे ते दुःख होते. त्यांना मी कधी उत्तर दिले नाही. भाच्यालाही लगेच दिले नाही. त्याऐवजी त्या दोघांना एका पंचनाम्याची हकिगत सांगितली.

२६ जुलै २००५ च्या पुरात उल्हास नदीकाठची कितीतरी घरे गेली. पाणी ओसरल्यावर पंचनाम्यांसाठी पथके निघाली, त्यांतील एका पथकात मी लेखनिक होते. चिखल घोट्यापर्यंत, कागद ओले, आणि संध्याकाळच्या आत वस्ती संपवायची घाई. एका घराची पुढची भिंत उभी होती. मी रस्त्यावरूनच पाहिले, 'अंशतः पडझड' असे लिहिले, मालकिणीचा अंगठा घेतला आणि पुढे निघाले. त्या भिंतीच्या मागे काहीच उरले नव्हते, हे पाहण्यासाठी दहा पावले आत जावे लागले असते.

काही दिवसांनी ती बाई कार्यालयात आली. भांडली नाही. म्हणाली, "ताई, तुम्ही काय लिहिलंत ते मला वाचून दाखवाल का?" मी वाचले. ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "म्हणजे कागदावर माझं घर उभं आहे तर."

मदतीच्या निकषांत 'पूर्णतः नष्ट' आणि 'अंशतः पडझड' या दोन शब्दप्रयोगांत रकमेचे अंतर कित्येक पटींचे असते. मी फेरपंचनाम्याचा प्रस्ताव ठेवला, चूक माझी आहे असे त्यात स्वच्छ लिहिले. मंजुरी आली, पण आठ महिन्यांनी. तोवर ती मुलांना घेऊन माहेरी राहत होती. त्या दिवसापासून निवृत्तीपर्यंत मी कुणाचाही अंगठा अथवा सही त्याला मजकूर वाचून दाखविल्याशिवाय घेतली नाही. सहकारी हसत, रांग लांबते म्हणून कुरकुरत.

भाचा गप्प होता. मी त्याला म्हटले, "हिने तीन वर्षे काय केले? जुने कागद वाचले, एका शब्दाचे दोन अर्थ कसे होतात ते पाहिले. कार्यालयात याच कामासाठी माणूस मिळत नाही."

मग मात्र आम्ही व्यवहाराकडे वळलो, कारण माझा भाचा भावनेवर उधारी देणारा नव्हे. राज्यसेवा परीक्षेला कोणत्याही शाखेची पदवी चालते, हे त्याला ठाऊक होते. मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, हे नव्हते. आता त्यात निबंध आहे, सामान्य अध्ययनाचे चार पेपर आहेत आणि एका वैकल्पिक विषयाचे दोन. प्रत्येकी २५० गुण, एकूण १७५०, शिवाय मुलाखत २७५ गुणांची. वैकल्पिक विषयांत इतिहास, राज्यशास्त्र, समाजशास्त्र, मराठी साहित्य हे सारे आहे. पर्यायांवर खुणा करण्याच्या पद्धतीत कलाशाखेच्या विद्यार्थ्याचे लेखन वाया जात होते. आता ते मोजले जाईल.

परंतु उपजिल्हाधिकाऱ्याच्या खुर्चीपलीकडेही पुष्कळ मेजे आहेत, आणि घरोघरी त्यांची चर्चाच होत नाही. सहायक कक्ष अधिकारी, राज्य कर निरीक्षक, दुय्यम निबंधक, तलाठी, लिपिक-टंकलेखक या सर्वांना पदवी पुरते, शाखा कोणी विचारत नाही. लिपिकाला मराठीत मिनिटाला ३० किंवा इंग्रजीत ४० शब्दांचे टंकलेखन मात्र यावेच लागते. भाषा संचालनालयात अनुवादक लागतात. पुराभिलेख आणि पुरातत्त्व विभागांत तर इतिहासाचाच अभ्यास कामी येतो. तिथे जायचे तर पुढे एम.ए. करावे आणि मोडी लिपी आतापासूनच शिकावी, असे मी तिला सांगितले. रेल्वेत स्टेशन मास्तर होण्यासही कोणतीही पदवी चालते, हे ऐकून भाचा चकित झाला. रोज विठ्ठलवाडी स्थानकावरून जाणारा माणूस!

एक गैरसमज येथेच दूर केलेला बरा. २०१४ मध्ये आपल्या समाजाला राष्ट्रीय पातळीवर अल्पसंख्याक दर्जा मिळाला. त्या दर्जाने नोकरीत आरक्षण मिळत नाही. ज्यांना अन्य कोणत्याही आरक्षणाचा लाभ नाही आणि ज्यांच्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न आठ लाखांपेक्षा कमी आहे, त्यांना आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाच्या निकषांत बसल्यास दहा टक्क्यांचा लाभ घेता येतो. दाखल्यासाठी तहसील कार्यालयात जावे, आणि जाहिरात निघण्याची वाट न पाहता आधीच जावे.

भाच्याचा शेवटचा प्रश्न सर्वांत खरा होता. "आणि नाही झाले तर?" २०२३ च्या तलाठी भरतीत चार हजारांहून थोड्या अधिक जागांसाठी दहा लाखांहून अधिक अर्ज आले होते. हा आकडा मी मुलीपासून लपविला नाही. आमच्याच नात्यातील एक मुलगा पुण्यात खोली घेऊन सहा वर्षे बसला. दर वर्षी 'थोडक्यात गेले' म्हणत राहिला आणि तिशी उलटल्यावर रित्या हाताने परतला. त्याला कुणी थांब म्हटले नाही, याची खंत मला आजही आहे. खुल्या प्रवर्गाला वयाची मर्यादा ३८ वर्षांची आहे, म्हणून ३८ पर्यंत बसायचे असते असे नव्हे.

तीन वर्षे, असे आमचे ठरले. पुण्याला न जाता. ठाण्यात महानगरपालिकेची चिंतामणराव देशमुख यांच्या नावाची प्रशासकीय प्रशिक्षण संस्था १९८७ पासून चालू आहे. तिथल्या प्रवेशासाठी प्रयत्न करायचा. जोडीला एम.ए., आणि शनिवारी बापाच्या दुकानाचा हिशेब. ही अट त्याने घातली. मला ती वाईट वाटली नाही, पुढे राज्य कर निरीक्षक झालीच तर उपयोगी पडेल.

परतताना ती दोघे अंबरनाथला उतरणार होती. तिला शिवमंदिर वडिलांना दाखवायचे होते. इतक्या वर्षांत तो तिकडे फिरकलाच नव्हता. शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६० च्या तेथील शिलालेखात शिलाहार राजा माम्वाणीबरोबर त्याच्या अधिकाऱ्यांचीही नावे कोरलेली आहेत, हे ती चपला घालता घालता त्याला सांगत होती. मी माझ्याजवळचा जुना 'पदनाम कोश' तिच्या पिशवीत ठेवला.

जिन्यात ती थांबली. "आजी, त्या बाईंचे घर पुन्हा झाले का?"

"झाले," मी म्हटले. "दोन खोल्यांचे. मी पाहून आले. या वेळी आत जाऊन."