बारा भागांचं ऑफिस, दोनशे एक भागांचं ऑफिस

'द ऑफिस' ही मालिका तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. बहुतेकांनी पाहिलेली असते ती अमेरिकन. २००५ ते २०१३, नऊ सीझन, २०१ भाग. मूळ मालिका मात्र बीबीसीची, २००१ सालची. सहा-सहा भागांचे दोन सीझन, वर नाताळचे दोन भाग, की संपली! माझ्या भाचीने ती एका शनिवार-रविवारात उरकली आणि फोन करून विचारलं, "मामा, इतकी मस्त चालली होती तर बंद का पाडली?"

बंद कुणी पाडली नाही गं, तेवढीच होती. ब्रिटिशांकडे हे नेहमीचंच. 'फॉल्टी टॉवर्स'चे १९७५ साली सहा भाग आले, १९७९ साली सहा, एकूण बारा. 'यस मिनिस्टर' आणि 'यस प्राइम मिनिस्टर' मिळून ३८. आपल्याकडे फारूक शेख यांची 'जी मंत्रीजी' आली होती, ती त्यावरूनच.

इंग्रजांना थोडक्यात बोलायची सवय म्हणून असं होतं, असं कुणी म्हणालं तर हसून सोडून द्या. त्यांचीच 'कोरोनेशन स्ट्रीट' १९६० पासून चालू आहे आणि १० हजार भाग केव्हाच ओलांडून गेली आहे. खरा प्रश्न पैसे कोण देतं, हा आहे.

अमेरिकेत चॅनल खासगी, कमाई जाहिरातींची. सप्टेंबर ते मे असा हंगाम भरून काढायचा, म्हणून वर्षाला २२-२४ भाग. त्यात आणखी एक गंमत. मालिका बनवायला जेवढा खर्च येतो तेवढा चॅनल बहुधा देतच नाही. स्टुडिओ तोटा सोसतो आणि पुढे जुने भाग गावोगावच्या स्थानिक स्टेशनांना विकून तो भरून काढतो. ही स्टेशनं सोमवार ते शुक्रवार रोज एक भाग दाखवणार. तिथे बारा भागांची मालिका अडीच आठवडेही पुरत नाही. म्हणून साधारण शंभर भाग झाले की मालिकेचं सोनं झालं, असा तिथला हिशेब होता. इतके भाग एकटा माणूस लिहू शकत नाही, मग दहा-बारा लेखकांची खोली भरते.

बीबीसीवर ब्रिटनमध्ये जाहिराती नाहीत. घरटी लायसन्स फी आहे, २०२५ साली ती वर्षाला १७४.५० पौंड होती. देश लहान, तिजोरी लहान, आणि लिहिणारे एक किंवा दोघं. 'फॉल्टी टॉवर्स' जॉन क्लीझ आणि कॉनी बूथ या दोघांनीच लिहिली. दोघांना जमतील तेवढेच भाग. पुढचे सुचेपर्यंत चार वर्षं गेली तरी चालली.

लायसन्स फी म्हटल्यावर आमच्या पिढीला पोस्ट ऑफिस आठवेल. घरी रेडिओ असला तर त्याचं लायसन्सचं पुस्तक असायचं, वडील दरवर्षी पोस्टात जाऊन पैसे भरून यायचे. ते बंद झालं तेव्हा सगळ्यांना बरंच वाटलं. पण प्रेक्षकाने थेट पैसे द्यायचं थांबवलं की बिल दुसरा कुणीतरी भरतो, आणि मग भाग किती, ते तोच ठरवतो.

माझा एक मित्र आपल्या दैनंदिन मालिकांचे संवाद लिहितो. आठवड्याला सहा भाग. रात्री दोनला पानं पाठवतो, सकाळी नऊला त्यावर शूटिंग. टीआरपी चढला तर कथा ताणायची, पडला तर आठवड्यात गुंडाळायची. 'चार दिवस सासूचे' तीन हजारांवर भाग चालली, ते या गणितातच. लोक त्याला विचारतात, "काय रे फालतू लिहितोस?" त्याला चार महिने द्या आणि सहा भाग मागा, मग विचारा.

अर्थात कमी भाग म्हणजे आपोआप चांगलं, असंही नाही हं. स्ट्रीमिंग आल्यापासून अमेरिकेतही आठ-दहा भागांचे सीझन झाले. लेखकांची कामाची आठवडेवारी घटली, पुनःप्रसारणाचे पैसे आटले. २०२३ साली तिथले लेखक १४८ दिवस संपावर गेले, त्यामागे हेही एक कारण होतं. म्हणजे भाग कमी आणि पोटही रिकामं.

बीबीसीची सध्याची सनद डिसेंबर २०२७ अखेर संपते आहे आणि लायसन्स फी ठेवायची की नाही, यावर तिकडे वाद चालू आहे. वाद कराच्या पावतीवर होतोय, पण त्यात पणाला लागलंय ते दोन माणसांना वेळ घेऊन बारा भाग लिहू देणं. प्रसार भारती आपल्याही पैशांवर चालते. तिच्याकडे आपण असं काही कधी मागितलंय का?