माझं मत, डोंबिवली फास्ट!

एक्सेल शीटमध्ये तुम्हाला कधी स्वतःचं घर सापडलंय? मला सापडलं. निवडणुकीचा सीझन आला की सभा, रोड शो, मुलाखती हे सगळं सीनियर मंडळी करतात आणि मतदारांचे आकडे आमच्यासारख्या फ्रीलान्सरच्या गळ्यात पडतात. तशीच एक ‘डेटा स्टोरी’ करत बसले होते. समोर २००८ च्या मतदारसंघ फेररचनेचा तक्ता. मुंबई शहर जिल्हा : आधी १७ आमदार, नंतर १०. उपनगरं : १७ चे २६. ठाणे, म्हणजे पालघर वेगळा व्हायच्या आधीचा जिल्हा : १३ चे थेट २४. आणि मला त्यात चक्क आमचा टेम्पो दिसला! गिरगावातल्या चाळीतून डोंबिवलीच्या वन बीएचकेकडे निघालेला, मागे आजीची पितळी भांडी गच्च बांधलेला.

आपण ज्याला ‘राजकारण बदललं’ म्हणतो ना, त्यातला बराचसा भाग हा असा सामान हलवण्याचाच असतो. गिरण्या बंद पडल्या, चाळींचे टॉवर झाले, पोरांची लग्नं ठरली आणि एका खोलीत संसार मावेना. आधी माणसं गेली, मागाहून आमदार. परळ, नायगाव, माझगाव, खेतवाडी, ऑपेरा हाऊस ही नावं विधानसभेच्या यादीतून पुसली गेली. दादरसुद्धा! १९९५ मध्ये ज्या दादरमधून मनोहर जोशी निवडून आले आणि मुख्यमंत्री झाले, त्या नावाचा मतदारसंघच आता नाही. आमचं गिरगाव आज मलबार हिलमध्ये मोडतं. आजीला हे सांगितलं तर ती म्हणाली, ‘‘म्हणजे आपण श्रीमंत झालो असतो की!’’

पण गंमत पुढेच आहे. ही फेररचना झाली ती २००१ च्या जनगणनेवरून. तेव्हा मी तीन वर्षांची होते आणि आम्ही गिरगावातच होतो. टेम्पो निघाला २००३ मध्ये. म्हणजे आमदारांच्या नकाशात आम्ही अजून गिरगावकरच! आमच्या मागून जे गेले, तेही तसेच. २०११ च्या जनगणनेत मुंबई शहर जिल्हा ३३ लाखांवरून ३१ लाखांच्या खाली आला आणि ठाणे १ कोटी १० लाखांवर जाऊन देशातला सगळ्यात जास्त लोकसंख्येचा जिल्हा ठरला. तरी नकाशा हलला नाही, कारण २०२६ नंतरची पहिली जनगणना होईपर्यंत घटनादुरुस्तीनेच तो गोठवून ठेवलाय. २०२१ ची जनगणना झालीच नाही, पुढची धरली जाणार १ मार्च २०२७ ची. त्यामुळे १५ जानेवारी २०२६ ला राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं, तेव्हा नगरसेवकांचे प्रभाग २०११ च्या लोकसंख्येवर बेतलेले होते. आमदार २००१ च्या शहराचा, नगरसेवक २०११ च्या शहराचा, आणि सकाळी ट्रॅफिकमध्ये अडकतो ते आपण आजचे.

मी सध्या दोन मैत्रिणींबरोबर घोडबंदर रोडला भाड्याने राहते. हा भाग ओवळा-माजिवडा मतदारसंघात येतो. २०२४ च्या विधानसभेला इथे पाच लाखांहून जास्त मतदार होते, तर वडाळ्यात साधारण दोन लाख. दोन्हीकडून आमदार मात्र एकेकच. म्हणजे वडाळ्यातल्या एका मताचं वजन आमच्याकडच्या अडीच मतांएवढं. आमच्या सोसायटीत संध्याकाळी टँकर आला की नाही, हे विचारायला लिफ्टमध्ये गर्दी होते, तेव्हा हे अडीच हटकून आठवतं.

आता टक्केवारीचं बघा. २०२४ मध्ये राज्यात ६६ टक्के मतदान झालं आणि मुंबई शहर जिल्ह्यात ५२. लगेच सुरू : शहरातली पोरं आळशी, सुट्टी मिळाली की लोणावळा. आळशी आहोतच, ते नाकारत नाही. पण टक्का काढताना खाली भागायला मतदारयादी असते आणि त्या यादीत अजून आमचा काका आहे. तो वसईला जाऊन बारा वर्षं झाली, नाव मात्र गिरगावात. तो मत द्यायला जात नाही, टक्का घसरतो गिरगावचा. असे काका किती असतील, हे टीव्हीवरचे पॅनेलिस्ट कधी विचारत नाहीत. दुसऱ्या टोकाला आम्ही तिघी. राहतो, पाणीबिल भरतो, मेंटेनन्सच्या मीटिंगला डाफरून घेतो. ठाण्याच्या यादीत एकीचंही नाव नाही. १५ जानेवारीला मी डोंबिवलीला जाऊन मत देऊन आले. नगरसेवक निवडला तिकडचा, टँकरची वाट बघते इकडे.

पत्ता बदलायला आता फॉर्म ८ पुरतो, तोही ऑनलाइन. नियमाप्रमाणे मुद्दा एवढाच की तुम्ही नेहमी राहता कुठे. घर मालकीचं असण्याचा संबंध नाही. घरमालकांना हे कोण सांगणार? ‘‘ॲग्रीमेंट अकरा महिन्यांचं आहे, नाव कशाला लावता?’’ असं म्हणत त्यांनी महिनाभर ॲग्रीमेंटची कॉपी दिली नाही. मतदारयादीत नाव लागलं की भाडेकरू फ्लॅटच बळकावतो, अशी त्यांची पक्की समजूत.

खरं सांगू? घरमालकांपेक्षा मलाच जास्त वेळ लागला. डोंबिवलीच्या यादीत आमची नावं एकाखाली एक आहेत. आजी, बाबा, आई, मी. आजीचा फोटो इतका काळा आलाय की दरवेळी बूथवर हशा होतो. मतदान सकाळी सातला, मग घरी साबुदाणा वडे, हे ठरलेलं. फॉर्म भरायचा म्हणजे त्या पानावरून उठायचं.

मागच्या आठवड्यात भरला. रेफरन्स नंबर आला तसा बाबांना फोन केला. ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, ‘‘बरं केलंस. मीही २००४ ला गिरगावात जाऊन मत दिलं होतं, एकट्यानेच. मग बंद केलं.’’ मागून आजीचा आवाज आला, ‘‘तिला विचार, वडे खायला तरी येणार ना?’’