बुरोंडीचा दर्या आणि अश्वशक्ति

दापोलीहून आम्ही बुरोंडीच्या किनाऱ्यावर उतरलों, तों एक तांडेल होडीमागें टांगावयाचें टू-स्ट्रोक यंत्र उकलून बसलेला. मास्तरकीची संवय, आम्हीं विचारलें, "ह्याची अश्वशक्ति वाढते कशानें?"

त्यानें समजाविलें. फोर-स्ट्रोक यंत्रांत दोन फेऱ्यांस एकदां स्फोट होतो, ह्यांत प्रत्येक फेरीस. कार्बोरेटर मोठा बसविला, सिलिंडरचीं द्वारें रुंद केलीं, म्हणजे हवा व इंधन अधिक मिळून फेऱ्या वाढतात आणि त्यांबरोबर शक्तिही.

"मग तुम्हीं कां वाढविली नाहीं?"

"गुरुजी, पिस्टन तापून जाम झाला, तर भर दर्यांतून घरीं कोण आणणार?"

एक अश्वशक्ति म्हणजे ७४६ वॅट, हें आम्हीं जन्मभर फळ्यावर लिहिलें. ती किती पुरे, हें मात्र दर्याकांठीं कळलें.