दूरच्या डोंगराचे पाणी

बारामती आणि इंदापूर हे पुणे जिल्ह्याच्या आग्नेय टोकाचे दोन तालुके. सह्याद्री इथून दूर पश्चिमेला राहतो आणि ढग तिथेच रिते होतात. इकडे वर्षाला पाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही लहरी. उंच डोंगर नसलेल्या या मुलखाचे दैव मात्र डोंगरातून उतरणाऱ्या पाण्यानेच ठरवले आहे.

सुपे-मोरगावकडचा भाग जिरायत. मुरमाड माळ, पावसाच्या भरवशावरची बाजरी, हिवाळ्यात शाळू. सुप्याच्या मयूरेश्वर अभयारण्यात वाळल्या गवताच्या रंगाची चिंकारा हरणे चरतात. हे रान जेमतेम पाच चौरस किलोमीटरचे, पण मोलाचे. याच माळांवरचे धनगर दसरा-दिवाळीनंतर घोड्यांवर बिऱ्हाड लादून मेंढरांसह कोकणाकडे निघतात आणि पावसाळ्याच्या तोंडाशी परततात. माळाला ओसाड म्हणणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

कऱ्हा नदी मोरगाव, बारामती करत सोनगावला नीरेला मिळते. तिच्याच काठच्या बारामतीत, बाबूजी नाईकांच्या आश्रयाने, कवी मोरोपंतांनी आयुष्य आर्या वृत्ताला वाहिले; १७९४ साली त्यांनी इथेच देह ठेवला.

नीरेकाठची गोष्ट निराळी. १८८५ साली नीरा डावा कालवा वाहू लागला आणि भोरच्या डोंगरांत, भाटघरला अडवलेले पाणी इथल्या शिवारात आले. जिरायत आणि बागायत असे दोन शब्द तेव्हापासून सोयरिकीच्या बोलण्यातही वजन राखून आहेत. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर इथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. कळंबच्या माळावर उद्योगपती वालचंद हिराचंदांनी त्याआधीच वालचंदनगर वसवले होते. उसाचा फड मात्र तोडतात ती बीड-नगरकडून आलेली माणसे. हंगामभर ती कोपीत राहतात, पहाटेच्या थंडीत कोयता चालवतात. साखरेच्या गोडीत त्यांचा वाटा फार थोडा आहे.

उत्तरेला भीमा. १९८० मध्ये उजनी धरण पूर्ण झाले आणि नदीकाठची गावे वर सरकली. पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर पाण्याखाली गेले. उन्हाळ्यात धरण फार आटले की ते पुन्हा दिसू लागते आणि विस्थापितांची लेकरे आजोबांचा देव पाहायला येतात. भिगवण-कुंभारगावच्या उथळ पाण्यात हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात, शेजारी भोयांची जाळी पडलेली असतात.

आषाढात तुकोबांची पालखी या दोन्ही तालुक्यांतून जाते. काटेवाडीत परीट धोतरांच्या पायघड्या घालतात, मेंढ्या पालखीभोवती रिंगण धरतात. सराटीला पादुकांना नीरास्नान घडते. तिथून खाली, नीरा-नरसिंहपूरला, नीरा भीमेला मिळते आणि पुणे जिल्हा संपतो.